घरांतील ध्वनिमुद्रण : कंठ आणि गिटार

शब्द लिहून ठेवण्याची विद्या मनुष्यास हजारों वर्षांपूर्वीं साध्य झाली. परंतु स्वर सांठवून तो पुन्हां ऐकण्याची विद्या साध्य होऊन अवघीं दीडशें वर्षें होत आहेत. अमेरिकेंत एडिसननें १८७७ सालीं आपला फोनोग्राफ तयार केला. तोंपर्यंत गाणाऱ्याचा कंठ मिटला कीं गाणें संपलें, अशीच सर्व जगाची स्थिति होती. आपल्या देशांत १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं विजेचा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यास एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून खड्या आवाजांत गावें लागे, आणि सुमारें तीन मिनिटांत सारी चीज आटोपावी लागे. पुढें १९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें. तरी तें काम कंपन्यांचें, आकाशवाणीचें किंवा चित्रपटसंस्थांचें होतें. सामान्य गृहस्थाचा त्याशीं संबंध तबकडी विकत घेऊन ऐकण्यापुरताच असे.

आज ही मर्यादा राहिलेली नाहीं. एका खोलींत, एका मेजावर मावेल इतक्या सामग्रीनें उत्तम ध्वनिमुद्रण करतां येतें. यामुळें अनेक घरांत एक नवा प्रश्न उत्पन्न झाला आहे. घरांतील मुलगा किंवा मुलगी गिटार घेऊन गाऊं लागते. चार-सहा महिन्यांनीं आपलें गाणें मुद्रित करावें असें तिला वाटूं लागतें. आणि लगेच घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "हें खूळ आहे, अभ्यास पाहा." दुसरा म्हणतो, "काय हवें तें यंत्र आणून द्या, म्हणजे झालें." आमच्या मतें या दोन्ही पक्षांनीं मूळ गोष्टीकडे दुर्लक्ष केलेलें असतें. या कामास यंत्र लागतें हें खरें. पण त्याहून अधिक अशी एक वस्तु लागते, ती दुकानांत मिळत नाहीं, आणि ती देणें सर्वस्वीं घरांतील मंडळींच्या हातीं असतें. ती कोणती, हें पुढें ओघानें येईल.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करूं. गिटार हें परकी वाद्य, त्याचें आपल्या घरांत काय काम, असें कांहीं वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांस आम्ही पेटीची आठवण देतों. पेटी युरोपांतूनच आली. १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आकाशवाणीनें वर्ज्य केलें होतें. तरी आमच्या भजनांतून व नाट्यसंगीतांतून तिला कोणी घालवूं शकलें नाहीं. गोमंतकांत तर मांडो गातांना व्हायोलिन व घुमट यांच्या जोडीस गिटार कित्येक पिढ्या वाजत आली आहे. तेव्हां वाद्याच्या कुळाची चौकशी पुरे. तें सुरांत वाजतें कीं नाहीं, हें पाहावें.

आतां एक उदाहरण सांगतों. कंठ आणि गिटार यांचें घरगुती मुद्रण म्हटलें कीं जाणकार लोक याच उदाहरणाकडे बोट दाखवितात. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेंतील विख्यात गीतकार-गायक. १९८२ च्या जानेवारींत न्यू जर्सी राज्यांतील कोल्ट्स नेक येथें, भाड्यानें घेतलेल्या घरांतील निजावयाच्या खोलींत, त्यानें आपलीं नवीं गाणीं मुद्रित केलीं. सामग्री म्हणाल तर साध्या कॅसेटवर चार निरनिराळ्या पट्ट्यांत आवाज घेणारें टीआक कंपनीचें 'पोर्टास्टुडिओ' नांवाचें यंत्र, आणि शुअर कंपनीचे 'एसएम ५७' जातीचे दोन मायक्रोफोन. त्याचा हेतु इतकाच होता कीं, आपल्या वादकांस हीं गाणीं ऐकवावीं आणि मग तीं यथासांग मुद्रित करावीं. पुढें न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टुडिओंत साऱ्या साथीदारांसह तसा प्रयत्नही झाला. पण खोलींतल्या मुद्रणांत जो एकांत होता, तो तेथें कांहीं केल्या उतरेना. शेवटीं ती कॅसेटच ग्राह्य ठरली आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत 'नेब्रास्का' या नांवानें तिची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

या गोष्टीवरून 'यंत्र कसलेंही चालतें' असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. त्या कॅसेटवरून तबकडी तयार करतांना तंत्रज्ञांस फार श्रम पडले. मूळ मुद्रणांतील उणिवा मागाहून भरून काढणें किती कठीण असतें, याचाही तो दाखला आहे. खरा बोध असा कीं, गाणारा तयारीचा होता, गाणीं त्याच्या पूर्ण मुठींत होतीं, आणि त्यास निवांत अशी एक खोली मिळाली होती. आमच्या घरांतील नवशिक्याजवळ पहिली गोष्ट अभ्यासानें येईल; दुसरी आपण दिली पाहिजे.

खोलीचा विचार करतांना दोन गोष्टींची गल्लत होते, ती टाळावी. बाहेरचा गोंगाट आंत येऊं न देणें ही एक गोष्ट. आणि खोलीच्या आंत आवाज भिंतींवर आपटून घुमूं न देणें ही दुसरी. बाहेरचा आवाज अडविण्यास जाड भिंत, घट्ट बसणारें दार आणि बंद खिडकी हीं लागतात. पडदे किंवा अंड्यांच्या पुठ्ठ्यांचीं खोकीं भिंतीस लावून रिक्षाचा भोंगा थांबत नाहीं. आंतील घुमणें मात्र घरच्या वस्तूंनीं पुष्कळ कमी करतां येतें. खोलींत उभें राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकूं आलें तर ती खोली उघडीबोडकी आहे असें समजावें. शहाबादी फरशी, गिलाव्याच्या भिंती आणि रिकामा कोनाडा हें या कामास वाईट. गादी, सतरंजी, पुस्तकांचें कपाट व कपड्यांनीं भरलेली उघडी अलमारी हें चांगलें. गाणाऱ्यानें खोलीच्या बरोबर मध्यभागीं अथवा कोपऱ्यांत बसूं नये. कोपऱ्यांत खर्जाचे स्वर फुगतात. एक जाड गोधडी दोरीवर टाकून ती गाणाऱ्याच्या पाठीमागें टांगावी. पुष्कळ जण ती मायक्रोफोनच्या मागें टांगतात. परंतु नेहमींचा एकमुखी मायक्रोफोन समोरचें ऐकतो आणि पाठीकडचें कमी ऐकतो, म्हणून गाणाऱ्याच्या मागून परतणारा आवाजच त्यांत अधिक शिरतो.

आतां त्या दुकानांत न मिळणाऱ्या वस्तूकडे येऊं. ती म्हणजे शांततेचा एक तास. दोघांच्या बिऱ्हाडांत ती सहज मिळते. दहा माणसांच्या एकत्र कुटुंबांत ती सर्वांनीं मिळून द्यावी लागते. मायक्रोफोनला आपल्या कानासारखी निवड करतां येत नाहीं. आपण पंख्याचा आवाज ऐकूनही ऐकत नाहीं. तो मात्र पंखा, फ्रिजची घरघर, कुकरची शिटी, मोरींत पडणारें भांडें आणि शेजारच्या खोलींतील दूरदर्शन, सर्व सारख्याच आस्थेनें टिपून घेतो. म्हणून या कामास वेळ ठरवून घ्यावी. दुपारीं जेवणें आटोपून मंडळी वामकुक्षीस गेलीं म्हणजे, किंवा पहाटे रस्ता जागा होण्यापूर्वीं, एक तास बरा मिळतो. पंखा व फ्रिज तेवढ्यापुरते बंद करावे. फ्रिज पुन्हां चालू करण्याचा विसर पडूं नये म्हणून आपल्या गाडीची किल्ली त्यांतच ठेवावी, अशी एक युक्ति आहे. भ्रमणध्वनि विमानप्रवासाच्या स्थितींत ठेवावा. दारावर पाटी लावण्यापेक्षां सकाळींच आजीला, काकूंना व लहान मुलांना स्पष्ट सांगून त्यांची संमति घ्यावी. ज्याच्या गाण्यासाठीं दहा माणसें एक तास पाय न वाजवितां चालतात, त्यास तो तास फुकट घालवण्याचा अधिकार राहत नाहीं. मुलांच्या ठिकाणीं शिस्त येण्यास हें एवढेंही पुरेसें आहे.

सामग्रीची खरेदी टप्प्याटप्प्यानें करावी. पहिले दोन महिने खिशांतील भ्रमणध्वनि पुरे. तो पुस्तकांच्या चळतीवर, गाणाऱ्यापासून दोन-तीन हातांवर ठेवावा आणि रोज एक गाणें घेऊन ऐकावें. दोन महिने हा क्रम टिकला तरच पुढचा खर्च करावा. त्यानंतर चार वस्तु घ्याव्या : एक मायक्रोफोन, तो धरण्याची घोडी, एक इंटरफेस आणि कान पूर्ण झांकणारा हेडफोन.

मायक्रोफोन मुख्यतः दोन जातींचे. 'डायनॅमिक' जातींत चुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें एक बारीक वेटोळें हलतें व त्यांतून वीज उत्पन्न होते. हा काटक असतो, आणि तोंडाशीं धरून वापरावयाचा असल्यानें खोलीचा आवाज त्यांत कमी येतो. 'कंडेन्सर' जातींत अतिशय पातळ पडदा असतो. तो नाजुक तपशील उत्तम पकडतो, पण त्यास बहुधा इंटरफेसमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो, आणि गल्लींतील फेरीवालाही त्यास तितकाच प्रिय असतो. रस्त्यावरच्या घरांत पहिला, आणि आंतल्या शांत खोलींत दुसरा घ्यावा असें आम्ही सुचवितों. इंटरफेसचें काम मायक्रोफोनच्या विजेचें आंकड्यांत रूपांतर करण्याचें. मनुष्याचा कान सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकतो. सर्वांत वरच्या स्वराचीं कंपनें टिपण्यास त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजमाप घ्यावें लागतें. म्हणून कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदास ४४,१०० मोजमापें असतात. संगणकावर मुद्रण करण्यासाठीं 'ऑडॅसिटी' हें साधन विनामूल्य मिळतें. ॲपलच्या संगणकांवर 'गॅरेजबँड' मोफत मिळतें. आरंभास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

मायक्रोफोन कोठें धरावा, हा या विद्येचा गाभा आहे. आणि येथें आमच्या जुन्या शिक्षाशास्त्राचें वर्गीकरण फार उपयोगीं पडतें. ज्यांस ओष्ठ्य वर्ण म्हणतात त्यांपैकीं प, फ, ब, भ उच्चारतांना ओठ मिटून एकदम उघडतात व हवेचा झोत बाहेर पडतो. तळहात तोंडासमोर धरून 'फणस' व 'भाकरी' हे शब्द म्हणावे, म्हणजे महाप्राणाचा धक्का हातास कळेल. हाच धक्का मायक्रोफोनच्या पडद्यावर बसला कीं मुद्रणांत 'धप्' असा दोष येतो. उपाय सोपा आहे. मायक्रोफोन तोंडापासून सुमारें वीतभर दूर आणि किंचित् एका बाजूस ठेवावा, म्हणजे झोत त्याच्या जवळून निघून जातो. मध्यें पातळ कापडाची जाळी धरावी. भरतकामाच्या गोल चौकटीवर ताणून बसविलेला जुना पायमोजा हें काम चांगलें करतो. श, ष, स हे ऊष्म वर्ण. त्यांची शीळ टोंचूं लागली तर मायक्रोफोनचें तोंड थोडें खालीं, हनुवटीकडे वळवावें. आणखी एक लक्षांत ठेवावें : एकमुखी मायक्रोफोनच्या जितकें जवळ जावें तितका आवाजाचा खर्ज वाढतो. गाणाऱ्यानें मध्येंच पुढें मध्येंच मागें होऊं नये, याचें कारण हेंच.

गिटारची गोष्ट वेगळी. नवशिका मायक्रोफोन थेट वाद्याच्या भोंकासमोर धरतो, कारण आवाज तेथूनच येतो असें त्यास वाटतें. पण भोंकापाशीं पोटांतील हवेचा घुमारा सर्वांत जास्त असतो आणि सारें वादन गदगदल्यासारखें होतें. मायक्रोफोन बाराव्या पडद्याच्या समोर, एका वितीपासून फूटभर अंतरावर ठेवावा. तेथें तारेची स्पष्टता व लाकडाचा गाभा हीं दोन्ही सम प्रमाणांत मिळतात. तेथून दोन-दोन बोटें इकडे तिकडे सरकवीत ऐकावें आणि बरें वाटेल तेथें थांबावें. तारा जुन्या व काळवंडलेल्या असूं नयेत. नव्या तारा आदल्या दिवशींच चढवाव्या, कारण पहिले कांहीं तास त्या ताणल्या जाऊन उतरत राहतात. प्रत्येक खेपेपूर्वीं वाद्य पुन्हां सुरांत लावावें. बांगड्या, मनगटी घड्याळ, शर्टाचीं मोठीं बटणें आणि करकरणारी खुर्ची यांचीही आधीं व्यवस्था लावावी.

आवाजाची पातळी ठरवितांना गाण्यांतील सर्वांत चढी ओळ पूर्ण जोरानें गाऊन पाहावी. संगणकावरील मापकांत शून्य ही कमाल मर्यादा असते. चढ्या ओळीलाही कांटा उणें १२ च्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवावी. हळू आलेला आवाज मागाहून वाढवितां येतो. पण शून्यावर आपटून फाटलेला आवाज पूर्ववत् होत नाहीं.

गाणें आणि वादन एकदम घ्यावें कीं वेगवेगळें, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. आमचें उत्तर असें : पहिलीं दहा गाणीं एकाच मायक्रोफोनवर, दोन्ही एकदम घ्यावीं. मायक्रोफोन छातीच्या उंचीवर, दीड-दोन हात समोर ठेवावा. कंठ दबला तर तो वर करावा, गिटार दबली तर खालीं करावा. कंठ आणि साथ यांचा तोल कानानें व हातानें साधण्याची संवय यांतून लागते. पुढें दोन मायक्रोफोन वापरावे. तेव्हां त्या दोहोंमधील अंतर हें प्रत्येक मायक्रोफोन आणि त्याचा आवाज यांमधील अंतराच्या निदान तिप्पट असावें, नाहीं तर एकच आवाज दोहोंत किंचित् पुढेंमागें पोंचून पोकळ होतो. प्रथम गिटार मुद्रित करून मग ती हेडफोनमध्यें ऐकत गाण्याचीही पद्धति आहे. तींत आपलाच आवाज क्षणभर उशीरां कानीं येऊन घोटाळा होतो. त्यासाठीं इंटरफेसवर आवाज संगणकांत न जातां थेट ऐकण्याची सोय असते, ती वापरावी.

यानंतर सर्वांत कठीण पायरी येते, ती म्हणजे ऐकण्याची. आपला मुद्रित आवाज प्रथम ऐकतांच बहुतेकांस तो परका व पातळ वाटतो. बोलतांना आपण आपला आवाज हवेंतून तर ऐकतोंच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही ऐकतों, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजांत खर्ज अधिक असतो. जगास जो आवाज ऐकूं जातो, तो मुद्रणांतलाच असतो. कित्येक मुलें पहिल्याच दिवशीं यामुळें खचून गाणें सोडतात. घरांतील वडिलांनीं नेमकें या वेळीं त्यांस सांभाळावें. थट्टा करूं नये. अक्षर सुधारण्यास जसा कित्ता, तसें हें मुद्रण आहे. कोठें सूर उतरला, कोठें श्वास चुकीच्या जागीं घेतला, कोठें लय पळाली, हें तें गुरूच्या तोंडानें न बोलतांही सांगतें. एका बैठकींत एक गाणें तीन वेळांच म्हणावें. ऐकणें दुसऱ्या दिवशीं करावें. तिन्ही खेपांचे तुकडे जोडून एक निर्दोष गाणें बनविण्याचा मोह होतो. संगणकास तें अवघड नाहीं. पण पहिल्या वर्षीं तो टाळावा. ज्यास एक गाणें आरंभापासून अंतापर्यंत नीट गातां येत नाहीं, त्यास कात्रीनें तें येणार नाहीं.

मुद्रण झालें कीं तें जपून ठेवणें हें कर्तव्य उरतें. मूळ मुद्रण संक्षेप न करतां 'वेव्ह' स्वरूपांत ठेवावें. एका मायक्रोफोनचें उत्तम दर्जाचें मुद्रण मिनिटास ८ ते ९ मेगाबाइट जागा घेतें. प्रत्येकास गाण्याचें नांव, गाणाऱ्याचें नांव व दिनांक द्यावा. तीन प्रति असाव्या : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर.

ही विद्या ज्या मुलास आली, त्याच्याकडून घरानें एक दक्षिणा मागावी. हेमा रायरकर व गी पॉइतवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांपैकीं कित्येक ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजांत मुद्रित झाल्या, म्हणून त्यांची चालही आज ऐकावयास मिळते. आपल्या घरांतील आजीचीं मंगळागौरीचीं गाणीं, आजोबांचें स्तोत्रपठण, काकूंची अंगाई, यांस तोच न्याय लागू आहे. शब्द वहींत उतरतात, आवाज उतरत नाहीं. मुलानें गिटारसाठीं लावलेला मायक्रोफोन त्याच तासाच्या शेवटीं दहा मिनिटें आजीपुढें ठेवावा. तिला उभें करूं नये, हेडफोन घालूं नये. तिच्या नेहमींच्या जागीं बसून तिला गाऊं द्यावें, आणि मध्यें ती थांबून कांहीं सांगूं लागली तर यंत्र बंद करूं नये.

म्हणून आमची वाचकांस विनंति आहे कीं, घरांत कोणी गिटार घेऊन गात असेल तर यंत्रांची यादी मागविण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून आठवड्यांतील एक वार व एक वेळ ठरवावी, आणि ती भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहावी. त्या वेळीं कुकर लावूं नये. बाकीचें सामान हळूहळू येईल.